रात्रीचं मेन्टेनन्स आणि झोपलेले पीसी: या चुका टाळा

कॉलेजची लॅब असो, पतसंस्था असो की सीएचं ऑफिस, एका नेटवर्कवर वीस-चाळीस पीसी आले की अपडेट, अँटिव्हायरसचं फुल स्कॅन, बॅकअप ही कामं रात्रीवर ढकलावीच लागतात. सकाळी येऊन पाहावं तर निम्म्या पीसींवर काहीच झालेलं नसतं. मग कधी अपडेटला दोष, कधी अँटिव्हायरसला, कधी नेटवर्कला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बऱ्याचदा पीसी नुसता झोपलेला असतो, नाहीतर उठून पुन्हा झोपलेला असतो.

सगळ्यांची स्लीप कायमची बंद करणं

हा सर्वांत सोपा उपाय, म्हणून सर्वांत जास्त केला जातो. पॉवर ऑप्शन्समध्ये 'नेव्हर' निवडलं की झालं. पण हिशोब मांडून पाहा. नुसता चालू राहिलेला साधा डेस्कटॉप ४० वॅट खातो असं धरलं, तर असे ४० पीसी संध्याकाळी ७ ते सकाळी ८ पर्यंत जवळपास २१ युनिट वीज घालवतात, तेही रोज. स्लीपमधला पीसी दोन-तीन वॅटवर भागवतो. तासाभराच्या कामासाठी तेरा तासांची वीज जाळायला माझा ठाम विरोध आहे. पीसी झोपू द्यावा, कामापुरता उठवावा आणि काम होईपर्यंत जागा ठेवावा. यातलं उठवणं बहुतेकांना जमतं, जागं ठेवणं मात्र राहून जातं.

स्लीप आणि शटडाउन एकच समजणं

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर शटडाउन केलेला पीसी पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो. या अवस्थेत विंडोज नेटवर्क कार्डला जागं होण्यासाठी सज्ज ठेवत नाही, त्यामुळे वेक ऑन लॅनवर, म्हणजे नेटवर्कवरून खास पॅकेट (छोटा संदेश) पाठवून पीसी उठवण्यावर, भरवसा ठेवता येत नाही. शेड्युल केलेलं कामही बंद पीसीला उठवू शकत नाही. म्हणून फास्ट स्टार्टअप बंद करा आणि स्टाफला सांगा की संध्याकाळी जाताना शटडाउन नको, स्लीप करा. दारावर चिकटवलेल्या एका कागदाने हे काम होतं.

बायोसमध्येही, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, एकदा डोकावा. 'ईआरपी' किंवा 'डीप स्लीप' चालू असेल तर पीसी बंद असताना नेटवर्क कार्डची वीजच तुटते. खात्री करायला पीसी झोपवून मागचं लॅन पोर्ट बघा. तिथला दिवा विझलेला असेल तर पॅकेट पाठवून उपयोग नाही.

उठवलं म्हणजे झालं, असं मानणं

सर्वांत जास्त फसवणारी जागा हीच. टायमरने किंवा नेटवर्कवरून उठलेल्या पीसीजवळ कोणी नाही, हे विंडोजला कळतं. अशा वेळी तुम्ही नेमलेली तीस मिनिटांची स्लीप लागू होत नाही. त्यासाठी वेगळी, सहसा न दिसणारी मुदत असते आणि ती मुळात फक्त २ मिनिटांची असते. रात्री दोनला पीसी उठतो, स्कॅन सुरू होतं, आणि स्कॅन करणाऱ्या सॉफ्टवेअरने 'मला जागं राहायचंय' असं विंडोजला कळवलं नसेल तर दोन मिनिटांत पीसी पुन्हा झोपतो. सकाळी लॉगमध्ये काम 'सुरू झालं' एवढंच दिसतं आणि माणूस चक्रावतो.

उपाय ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजचे नियम ॲडमिनने ठरवण्याच्या जागी, आहे. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, पॉवर मॅनेजमेंट, स्लीप सेटिंग्ज या वाटेने जा. तिथे 'अनअटेंडेड स्लीप टाइमआउट' सेकंदांत भरता येतो. काम दीड तासाचं असेल तर ७२०० भरा, थोडी मोकळीक राहते. ॲपलचे मॅक असतील तर 'कॅफिनेट' कमांडखाली काम चालवा. ते संपेपर्यंत मॅक आपोआप झोपत नाही.

टास्क शेड्युलरच्या तयार खुणा तशाच ठेवणं

टास्क शेड्युलर म्हणजे ठरलेल्या वेळी काम (टास्क) सुरू करणारं विंडोजचं साधन. त्यात टास्कच्या कंडिशन्स टॅबवर 'वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क' ही खूण मुळात नसते, ती करावी लागते. शिवाय पॉवर ऑप्शन्समध्ये 'अलाउ वेक टायमर्स' हे 'एनेबल' हवं. ते 'इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली' वर असेल तर तुमचा टास्क त्यात मोजला जात नाही.

त्याच टॅबवर आणखी दोन खुणा आधीच केलेल्या असतात: वीज असेल तरच काम सुरू करा आणि बॅटरीवर गेल्यास थांबवा. डेस्कटॉपला बॅटरी कुठली, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. पण यूपीएसची यूएसबी केबल पीसीला जोडलेली असेल तर विंडोज तिला बॅटरीच समजतं. रात्री मिनिटभर लाइट गेली की यूपीएस पीसीला सांभाळतो आणि चालू टास्क मात्र थांबतो. आपल्याकडे रात्री लाइट जाणं-येणं नवीन नाही, तेव्हा यूपीएस असेल तिथे या दोन्ही खुणा काढून टाका.

'रन व्हेदर यूझर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडलं नसेल तर लॉगआउट केलेल्या पीसीवर काहीच चालणार नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये झेड ड्राइव्हसारखं अक्षर वापरू नका, सर्व्हरचा पूर्ण पत्ता लिहा. असं अक्षर देऊन जोडलेला (मॅप केलेला) नेटवर्क ड्राइव्ह त्या लॉगिनपुरताच असतो.

मॅजिक पॅकेट कुठेही पोचेल असं धरणं

वेक ऑन लॅनच्या पॅकेटलाच मॅजिक पॅकेट म्हणतात. त्यात सहा बाइट 'एफएफ' आणि त्यापुढे पीसीचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा स्वतःचा क्रमांक) सोळा वेळा, असे १०२ बाइट असतात. ते ब्रॉडकास्ट म्हणून, म्हणजे एकाच वेळी सगळ्यांना, जातं आणि राउटर सहसा ब्रॉडकास्ट पलीकडे सोडत नाही. लॅब एका व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागात) आणि तुम्ही दुसऱ्या, तर पॅकेट वाटेतच मरतं. प्रत्येक व्हीलॅनमध्ये एक पीसी कायम चालू ठेवा आणि त्याच्याकडून पॅकेट पाठवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'ओन्ली अलाउ अ मॅजिक पॅकेट' वर खूण करा, नाहीतर नेटवर्कवरच्या किरकोळ हालचालीनेही पीसी रात्रभर उठत-झोपत राहतील. वायफायवरच्या लॅपटॉपला असं उठवण्याच्या भानगडीत पडू नका, त्याचं काम दुपारच्या सुट्टीत उरका.

हे सगळं केल्यावर शिपाईमामांना किंवा वॉचमनना भेटा. संध्याकाळी मेन स्विच खाली करणं हे त्यांचं काम आहे आणि ते नेमाने करतात. पंखे-दिव्यांचा स्विच आणि पीसींचा एमसीबी वेगळे आहेत का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या आणि पीसींच्या एमसीबीवर मार्करने लिहून ठेवा.

तरीही काम होत नसेल तर अंदाज बांधू नका, पीसीलाच विचारा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा. 'पॉवरसीएफजी' या कमांडला 'लास्टवेक' जोडलं तर शेवटी कशाने उठवलं ते कळतं, 'वेकटायमर्स' ने पुढचा गजर कधीचा ते दिसतं, आणि 'रिक्वेस्ट्स' ने कोणतं सॉफ्टवेअर झोपू देत नाही ते सापडतं. एखादा पीसी झोपतच नसेल तर तिथे बऱ्याचदा 'एसआरव्हीनेट' दिसतं, म्हणजे त्याचं शेअर फोल्डर कुणीतरी दुसऱ्या पीसीवर उघडं ठेवलेलं असतं.

चाचणी दुपारीच घ्या. प्रत्येक मॉडेलचा एकेक पीसी झोपवा, दहा मिनिटांनंतरचा टास्क लावा आणि माउसला हात न लावता समोर बसून राहा. माउस हलला की विंडोजला माणूस आल्याचं कळतं, दोन मिनिटांचा नियम बाजूला पडतो आणि चाचणी फुकट जाते.