मधले दहा दिवस कुठे गेले? मुलांसाठी इतिहासाचं स्किट लिहिताना

मुलांच्या टीव्हीसाठी इतिहासाचं विनोदी स्किट लिहायचं असेल, तर आधी विनोद शोधायला बसू नका. खरोखर घडलेली, पण ऐकताच मूल "काहीतरीच काय!" म्हणेल अशी गोष्ट शोधा. एका स्किटमध्ये एकच.

उदाहरणार्थ, १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडर सुधारलं. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीच्या बहुतेक भागात लोक गुरुवारी ४ ऑक्टोबरला झोपले आणि उठले ते शुक्रवारी, १५ ऑक्टोबरला. मधल्या दहा तारखा आल्याच नाहीत.

आता या गोष्टीला मुलांच्या ओळखीची जागा द्या. तक्रार-खिडकी चालेल. वेळ ४ तारखेची संध्याकाळ.

मुलगी : उद्या तारीख काय?
कारकून : पंधरा.
मुलगी : आज तर चार आहे!
कारकून : म्हणूनच उद्या पंधरा.
मुलगी : मग माझा दहा तारखेचा वाढदिवस?
कारकून : (रजिस्टर चाळत) यंदा नाहीये. पुढच्या वर्षी या.

यातली तारखांची उडी काढून टाका, हसू उरतच नाही. हीच कसोटी. माहिती काढूनही प्रसंग तितकाच हसवत असेल, तर मुलांच्या लक्षात कारकुनाचा विग राहील, १५८२ नाही.

स्किट तीन मिनिटांचं धरा. टाइप केलेलं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, म्हणजे तीन पानं. साल आणि ठिकाण पहिल्या चार-पाच संवादांत कळलंच पाहिजे. खिडकीवरच्या पाटीवर लिहिलं तर संवादही वाचतो. कारण मात्र दुसऱ्या पानावर, मुलगी चिडून "पण का?" विचारते तेव्हा. त्याआधी सांगितलं की तास सुरू झाल्यासारखं वाटतं. कारण असं: जुन्या, म्हणजे ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं होतं. ईस्टरच्या हिशेबासाठी आधार धरलेल्या ३२५ सालापासून १५८२ पर्यंत १,२५७ वर्षं झाली. गुणाकार कारकुनाला फळ्यावर करू द्या, साडेनऊ दिवसांच्या वर उत्तर येतं. त्याने एकदा चुकावं आणि मुलीने दुरुस्त करावं; मुलांना मोठ्यांची चूक फार आवडते.

गोष्ट जितकी मजेशीर, तितकी जास्त तपासा. इंग्लंडमध्ये हाच बदल १७५२ मध्ये झाला. तिथे २ सप्टेंबरनंतर १४ आला आणि "आमचे अकरा दिवस परत द्या" म्हणत लोकांनी दंगली केल्या, असं सर्रास सांगतात. त्या दंगलींना पुरावा नाही. दोन पुस्तकांत सापडलं म्हणजे झालं असंही नाही, दुसऱ्याने पहिल्यावरूनच उतरवलेलं असू शकतं. आणि संहिता तपासून वेशभूषा विसरू नका. व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं नव्हती, ती एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराने चिकटवली. संवाद अचूक असला तरी डोक्यावरची शिंगं चुकीचं शिकवून जातात.

तक्रार-खिडकी खोटी, तारखा खऱ्या, हे मुलाला कुणीतरी सांगायला हवं. बीबीसीच्या 'हॉरिबल हिस्टरीज'मध्ये (२००९ पासून) हे काम उंदराची बाहुली करते. तुम्ही कुणीही घ्या, पण दर वेळी तेच पात्र आणि दहा सेकंदांच्या आत.

गुलामगिरी, दुष्काळ, साथ असे विषय वर्ज्य नाहीत. फक्त हसू सोसणाऱ्यांवर नको. सबबी सांगणाऱ्या सरदारावर, आकडे लपवणाऱ्या अधिकाऱ्यावर हवं.

शूटिंगआधी आठ-दहा वर्षांच्या मुलांना वाचून दाखवा आणि प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारा. त्याच दिवशी त्यांना सगळंच आठवतं. "यातलं खरं काय होतं?" एवढंच विचारा. "पोपने वाढदिवसांवर बंदी घातली" असं उत्तर आलं, तर फळ्यावरचा गुणाकार अर्ध्या पानाने अलीकडे आणा.