गळाला अनोळखी खेकडा लागला तर

रत्नागिरीत भगवती बंदराच्या बाजूला कातळावर गळ टाकून बसले होते. आमिष कोळंबीचं, आशा तांबोशीची. दोरी जड झाली, पण मासा देतो तसे झटके नव्हते. पाण्यात भिजलेला टॉवेल वर यावा तसं काहीतरी संथपणे येत होतं. वर आला तो खेकडा. गळ त्याला लागलाच नव्हता. आमिष डेंग्यात घट्ट धरून तो नुसता लोंबकळत आला होता. पाठ गुळगुळीत, पालथ्या वाटीसारखी, आडवी लांबट. रंग विटेसारखा तांबडा. आणि दोन्ही डेंग्यांची टोकं काजळात बुडवल्यासारखी काळी.

मी तो पिशवीत टाकणारच होते. एवढा देखणा, भरलेला खेकडा, रात्रीच्या सांबाऱ्याला सहज झाला असता. पलीकडे बसलेले एक म्हातारे चाचा म्हणाले, "ताई, रंग नको बघू. मागचा पाय बघ." मी पाहिला. पाय टोकदार होता, चालायचा. चाचांनी मान हलवली. "कातळावरचा, काळ्या बोटांचा. सोड त्याला."

मी शिवणकाम करते. कापडाचा रंग फसवतो आणि बेतणं खरं सांगतं, हे मला दुकानात रोज दिसतं. खेकड्यालाही तेच लागू आहे हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी ठरावीक क्रमानेच बघते. तो क्रम इथे लिहिते आहे, कारण सुट्टीच्या दिवशी हौसेने गळ टाकायला येणारी पुष्कळ मुलं मला अनोळखी खेकडा सरळ पिशवीत टाकताना दिसतात.

आधी धरायचा कसा

खेकडा आमिष धरून वर येतो आणि पाण्याबाहेर पडताच सोडून देतो, म्हणून दांड्याची छोटी जाळी जवळ असू द्या. खडकावर आला की ओलं फडकं त्याच्यावर टाका. मग मागून, शेवटच्या पायांच्या मुळाशी, अंगठा खाली आणि बोटं पाठीवर अशी पकड घ्या. तिथे डेंगा पोचत नाही. बोट सापडलंच तर ओढाओढ करू नका, त्याने तो आणखी आवळतो. हात पाण्यात धरा, खेकड्याला पायाखाली टेकू मिळाला की तो बहुधा स्वतःच सोडून पळतो. खाडीतल्या मोठ्या चिंबोरीच्या बाबतीत मात्र एवढ्याही भरवशावर राहू नका. तिचा डेंगा बोट जबर दुखावतो.

कुठे लागला

आमच्या गावाची गंमत अशी की तासाभरात तीन तऱ्हेचे किनारे फिरून होतात. भाट्याची वाळू, भगवतीखालचा कातळ, आणि काजळी नदीच्या खाडीचा चिखल आणि तिवरं. चिखलातला खेकडा कातळावर क्वचित दिसतो आणि कातळावरचा वाळूत जवळजवळ नाहीच. त्यामुळे जागा नक्की लक्षात ठेवा. नुसतं रत्नागिरी म्हणून उपयोग नाही. पाण्याखाली चिखल होता, वाळू होती की दगड, भरती होती की ओहोटी, हे घरी गेल्यावर आठवत नाही.

मागचा पाय

खेकड्याला डेंगे धरून दहा पाय. सगळ्यात मागची जोडी बघायची. ती वल्ह्यासारखी चपटी असेल तर तो पोहणारा. आपल्या ताटात येणारे बहुतेक समुद्री खेकडे याच घरातले, आणि खाडीतली चिंबोरीसुद्धा. ती चिखलात बीळ करून राहते, म्हणून लोकांना ती पोहणारी वाटत नाही, पण पाय बघितला की शंका उरत नाही.

मागची जोडी टोकदार असेल तर तो चालणारा: कातळावरचे, दगडाखालचे, वाळूत पळणारे.

आणि सगळेच पाय चपटे असतील तर? भाट्याला माझ्या भाच्याला असा एक लागला. पिवळसर, अंगभर बारीक ठिपके, दोन्ही बाजूंना एकेक लांब काटा. खाली ठेवल्याबरोबर मागच्या मागे वाळूत उतरला, दोन श्वासांत दिसेनासा. इंग्रजीत त्याला मून क्रॅब म्हणतात, शास्त्रात मटुटा. त्याचे पाय वल्ह्याचं आणि फावड्याचं काम एकदमच करतात. चारी जोड्या चपट्या दिसल्या की पुढे फार शोधायला नको.

दात मोजा

ही खरी खूण, आणि याच पायरीवर लोक कंटाळतात. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून पाठीच्या कडेने मागे जा. कडेला करवतीसारखे दात असतात. एका बाजूचेच मोजायचे, आणि डोळ्याला लागून असलेला पहिला दात विसरायचा नाही. मी टाचणीचं टोक टेकवत मोजते. दोनदा मोजते, कारण एखादा दात झिजलेला किंवा तुटलेला असतो. मग दुसरी बाजू बघून खात्री करायची.

नऊ दात आणि नववा बाजूला काट्यासारखा लांब गेलेला असेल तर तो शास्त्रातल्या नावाने पोर्ट्यूनस. त्यात पाठीवर मागच्या बाजूला तीन गडद तांबडे डाग, भोवती फिकट कडं, असा असेल तर तीन ठिपक्यांचा खेकडा. ही खूण इतकी पक्की आहे की चूक व्हायला जागा नाही. डाग नसून पांढरट नक्षी असेल तर निळा पोहणारा खेकडा. मी सुरुवातीला चुकले ती इथेच. निळ्या डेंग्यांचा एक आणि शेवाळी तपकिरी दुसरा, असे एकाच दिवशी मिळालेले दोन खेकडे मी वहीत दोन जाती म्हणून लिहिले. निळा नर होता, तपकिरी मादी होती. दोघांचे दात सारखेच, नऊ. त्या निळ्या खेकड्याची शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये चार वेगळ्या जातींत विभागणी केली, त्यामुळे जुन्या पुस्तकातलं नाव आणि नव्या यादीतलं नाव जुळलं नाही तर गोंधळून जाऊ नका.

नऊच दात, पण सगळे साधारण सारखे आणि शेवटचा लांब नाही, पाठ हिरवट काळसर, डेंगे जाड आणि फुगीर: ही चिंबोरी. आमच्याकडे कोणी कुर्लीही म्हणतं. चिंबोरी एकच असते असं मीही धरून चालले होते. 1998 मध्ये संशोधकांनी जगभरातल्या चिंबोऱ्यांच्या चार जाती पक्क्या केल्या. आपल्याकडे मुख्यतः दोन भेटतात. मोठी, दोन किलोंच्याही वर जाणारी, तिच्या सगळ्या पायांवर जाळीसारखी नक्षी असते, दोन डोळ्यांमधले दात उंच असतात, आणि डेंग्याच्या मनगटावर, म्हणजे चिमट्यामागच्या सांध्याच्या तुकड्यावर, बाहेरून दोन ठसठशीत काटे असतात. दुसरी लहान, तिचे डेंगे तांबूस, डोळ्यांमधले दात बुटके आणि गोलसर, मनगटावरचे काटे जवळजवळ नाहीतच. मनगटावर बोट फिरवा (डेंगे बांधलेले असतील तरच), फरक हाताला कळतो.

सहा दात असतील तर बहुधा कॅरिब्डिस. यात सगळ्यात सुंदर तो पाठीवर क्रूस असलेला, अंगावर तपकिरी आणि फिकट पट्टे. गोव्यात त्याला खुर्साची कुर्ली म्हणतात. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा क्रूस पूर्वेकडच्या समुद्रात पडला आणि खेकड्याने तो किनाऱ्यावर आणून दिला, तेव्हापासून ही खूण पाठीवर आहे, अशी कथा आहे. गोव्याच्या माझ्या मावशीच्या शेजारणीने पहिल्यांदा तो दाखवला तेव्हा कालवण करण्याआधी कवच वेगळं धुऊन ठेवलं होतं. मला ते फार आवडलं.

रंग सगळ्यात शेवटी

रंग नर-मादीत बदलतो, वयाने बदलतो, आणि कात टाकल्यावरही बदलतो. नुकती कात टाकलेला खेकडा मऊ, फिकट आणि पाणचट असतो. त्याची खूण पटत नाही आणि त्याला मांसही नसतं. उकळल्यावर तर सगळेच लाल होतात, कारण कवचातलं लाल द्रव्य प्रथिनात अडकलेलं असतं आणि उष्णतेने सुटं होतं. म्हणून ओळख पटवायची ती भांड्यात टाकण्याआधी.

पोटाखालची पट्टी

उलटा करा. पोटाला चिकटलेली झडप नेकटायच्या टोकासारखी अरुंद असेल तर नर. ब्लाउजच्या मागच्या गळ्यासारखी रुंद अर्धगोल असेल तर वाढलेली मादी. कोवळ्या मादीची झडप त्रिकोणी असते, दोन्हींच्या मधली. झडपेखाली अंड्यांचा लगदा दिसला तर मोजमापं, फोटो सगळं बाजूला ठेवा आणि तिला तिथल्या तिथे सोडा. अंडी आधी नारिंगी असतात, पिकत जातात तशी तपकिरी आणि शेवटी काळपट होतात. काळपट म्हणजे पिल्लं सुटायला थोडेच दिवस. या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही, अगदी पाहुणे घरी बसले असले तरी.

काळी बोटं

आता त्या पहिल्या खेकड्याकडे येते. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी माझ्याकडे ड्रेस शिवायला येते. तिने फोटो बघून सांगितलं, हा झँथिड कुळातला, ॲटरगॅटिस. या कुळातल्या काही खेकड्यांच्या मांसात केंड माशात (फुग्यासारखा फुगतो तो) असतं तेच विष सापडतं. ते शिजवून जात नाही, तळूनही जात नाही, मसाल्याने तर नाहीच. आधी ओठांना आणि जिभेला मुंग्या येतात, मग हातपाय बधिर होतात, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. त्यावर उतारा नाही. रुग्णालयात श्वास चालू ठेवून विष ओसरेपर्यंत माणूस जगवावा लागतो. म्हणून असं काही खाल्ल्यावर ओठाला मुंग्या आल्या तर वाट बघू नका, उरलेला खेकडा किंवा त्याचा फोटो घेऊन निघा.

काळ्या बोटांचा प्रत्येक खेकडा विषारी नसतो, आणि विषारी असायला बोटं काळीच असावी लागतात असंही नाही. तरीही कातळावरचा, टोकदार पायांचा, गुळगुळीत रंगीत पाठीचा आणि काळ्या बोटांचा खेकडा मी कधीच घरी नेत नाही. बाकीच्यांतही ज्याचं नाव मला पक्कं सांगता येत नाही, तो पातेल्यात जात नाही.

फोटो

पाच लागतात. वरून सरळ, पोटाकडून, समोरून डोळ्यांच्या रेषेत, डेंगा जवळून, मागचा पाय पसरून. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते 27 मिलिमीटर असतं. माझ्या खिशात टेप असतेच, मी रुंदी मोजते: पाठीच्या सगळ्यात रुंद जागी, काट्याच्या टोकापासून टोकापर्यंत. हातात धरून काढलेला एकच तिरका फोटो पाठवून नाव विचारलं तर जाणकारालाही दात मोजता येत नाहीत. नाव जुळवायला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय बघून या. काचेमागचा नमुना शेजारून बघितला की पुस्तकातलं चित्र समजायला लागतं. फोनवर आयनॅचरलिस्ट या जीवजंतू ओळखायच्या ॲपवर फोटो टाकता येतात, पण तिथे यंत्राने पहिलं सुचवलेलं नाव म्हणजे उत्तर समजू नका. दात मोजून पडताळा.

तोवर खेकडा पाण्याने भरलेल्या बंद बादलीत ठेवू नका, त्यात हवा संपून तो मरतो. ओलं गोणपाट आणि सावली पुरते. सोडताना वरून फेकू नका. कातळ उतरून पाण्यालगत ठेवा, तोंड समुद्राकडे. त्या तांबड्या खेकड्याला मी असाच ठेवला होता. पहिली लाट आली तेव्हा तो हलला नाही, दुसरीत दगडाच्या फटीत सरकला, आणि काळी टोकं तेवढी थोडा वेळ बाहेर दिसत राहिली.