जुना हुकूमनामा आणि सिबिल: आधी कागद, मग पैसे
थकीत कर्जाचा जुना हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा निकाल) समोर आला, की लगेच पैसे भरायला धावू नका. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात नक्कल अर्ज देऊन प्रमाणित प्रत काढा आणि तारीख बघा. दिवाणी हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, 12 वर्षांत दाखल करावी लागते. ती आधीच दाखल असेल, तर मुदत संपली म्हणून सुटका नाही. पतसंस्थेचा 101 चा दाखला (सहकार कायद्याच्या कलम 101 खालचा वसुली दाखला) असेल तर तो सहकार निबंधकांकडून आलेला असतो, तिथं वसुली अधिकाऱ्याशी गाठ.

तडजोड लेखीच करा. माणसं फसतात ती इथंच: पैसे कोर्टाबाहेर दिले, पावती खिशात, आणि दरखास्त चालूच! दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 2 प्रमाणे असा भरणा कोर्टात नोंदवावा लागतो, नाहीतर दरखास्तीत तो धरत नाहीत. धनको (कर्ज देणारा) टाळाटाळ करत असेल तर 30 दिवसांत तुम्हीच अर्ज द्या.

सूट घेतली तर सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, बहुधा ‘सेटल्ड’ लागतं, आणि पुढच्या कर्जाला ते नडतं. जमत असेल तर पूर्ण भरून ‘क्लोज्ड’ करून घ्या. नोंद चुकली तर बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा दाखला) जोडून ऑनलाइन तक्रार करा. 30 दिवसांत निपटारा झाला नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. सातबाऱ्यावरचा बोजा मात्र आपोआप उतरत नाही. त्यासाठी तलाठ्याकडे वेगळा अर्ज.