सणावारी घर भरलेलं असताना सगळ्यांचे दात कसे सांभाळायचे

सण म्हटला की घर भरतं. पाहुणे येतात, झोपायची वेळ राहत नाही, जेवायची राहत नाही आणि टेबलावर गोडाचा वाडगा सकाळपासून रात्रीपर्यंत उघडाच, जाता येता प्रत्येकाचा हात त्यात. माझी भाची पाच वर्षांची होती तेव्हा अशाच एका सणाला मी सहज मोजलं होतं, दुपारच्या जेवणाआधीच ती त्या वाडग्यापाशी अकरा वेळा जाऊन आली, दर वेळी एकच छोटी गोळी, गालात धरून चघळत खेळायला पळायची. एकूण गोड काही फार नव्हतं, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण सण संपला तरी गोळी गालात धरायची सवय काही सुटली नाही आणि पुढच्या वर्षी तिच्या दोन दाढा किडलेल्या निघाल्या, रात्री ठणका लागला की तिच्यासोबत अख्खं घर जागं. तेव्हापासून मी घरात सगळ्यांना एकच सांगत आलेय की किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं ते बघा.

असं का, ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. आपल्या दातांवर एक चिकट थर कायम असतो, त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जंतू राहतात. आपण साखर खाल्ली की ते पण ती खातात आणि त्यातून ॲसिड तयार होतं. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने हे मोजून दाखवलं, की साखरेने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच दातावरचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त), झपकन खाली येतो आणि परत पहिल्यासारखा व्हायला अर्धा तास, कधी तासभरही लागतो. साधारण साडेपाचच्या खाली पीएच गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातलं, कॅल्शियम-फॉस्फेट विरघळायला लागतं. मग लाळ येऊन ते ॲसिड धुते, निघून गेलेली खनिजं थोडीफार परत भरते. म्हणजे दाताला सावरायला वेळ मिळाला तर तो सावरतो. पण दर वीस मिनिटांनी एक गोळी तोंडात गेली तर तो वेळच मिळत नाही, दात दिवसभर ॲसिडमध्ये, आणि एकदा खड्डा पडला की इनॅमल परत उगवत नाही कारण त्यात जिवंत पेशीच नसतात.

पहिली पायरी: सणाच्या तीन-चार आठवडे आधी डेंटिस्टकडे जाऊन या

सण तोंडावर आला की अपॉइंटमेंट मिळत नाही आणि नेमक्या सुट्टीच्या दिवशी क्लिनिक बंद असतं, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. म्हणून आधीच जा. थंड लागलं की कळ येते, एखादी कॅप हलतेय, जुन्या फिलिंगची कड तुटलीये, एका बाजूने चावणं बंद केलंय, यातलं काही असेल तर ते सणात चिघळणारच कारण तेव्हा आपण कडक, चिकट, थंड सगळंच खातो. फोटोसाठी दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते पण शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, व्हाइटनिंगनंतर काही दिवस दात शिवशिवू शकतात आणि मग समोर सगळं असून खाता येत नाही.

दुसरी पायरी: गोड बंद करू नका, त्याची वेळ ठरवा

सणाला मुलांना गोड खाऊ नका म्हणणं मला तरी पटत नाही. सगळे एकत्र बसून खातात तीच तर त्या दिवसाची आठवण राहते आणि बंदी घातली की पोरं लपून खातात, ते जास्त वाईट. फक्त गोड जेवणासोबत किंवा जेवण झाल्या झाल्या द्या. जेवताना लाळ भरपूर सुटलेली असते त्यामुळे साखर लवकर धुतली जाते, तेच गोड मधल्या वेळात एकटं खाल्लं तर जास्त नडतं.

स्वीडनमध्ये विपेहोल्म नावाच्या हॉस्पिटलमध्ये १९४० च्या दशकाच्या शेवटी यावर एक मोठा प्रयोग झाला होता आणि त्याचे निष्कर्ष १९५४ मध्ये छापून आले. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांच्या दातांना कीड फारशी वाढली नाही, पण दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांची भयंकर वाढली. तिथे ठेवलेल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर, त्यांना न विचारता हे केलं गेलं, त्यांचे दात मुद्दाम किडू दिले गेले, हे वाचल्यापासून ती माहिती सांगताना मला ते लोकही आठवतात. आज जगभर डेंटिस्ट "मधल्या वेळात चिकट नको" सांगतात त्यामागे त्यांचे दात आहेत.

तर घरात करायचं काय, तर तो वाडगा टेबलावरून उचला आणि झाकण लावून वर ठेवा. दिवसातून दोनदा, जेवणानंतर, सगळ्यांनी मिळून उघडायचा. आम्ही हे करतो तेव्हा वाडगा काढायचा मान घरातल्या सगळ्यात लहान मुलाला देतो, त्यामुळे कुणी कुरकुर करत नाही, उलट त्या वेळेची वाट बघतात. पाहुणे आले की त्यांच्यासमोर ठेवायचंच, पण ते गेले की परत वर.

गोडातही फरक आहे. दाढेच्या खाचेत चिकटून बसतं ते सगळ्यात वाईट, कॅरॅमल, टॉफी, जेली, आणि पौष्टिक म्हणून आपण देतो तो सुकामेवासुद्धा, मनुका, खजूर. चघळायच्या कडक गोळ्या पण तशाच, कारण दहा-पंधरा मिनिटं तोंडात राहतात. त्यापेक्षा साधं चॉकलेट बरं, ते विरघळून निघून जातं. चिप्स, बिस्किटं तिखट-खारी असली तरी त्यातला स्टार्च दाढेत बसतो आणि त्याचीही साखर होतेच, हे बरेच जण धरत नाहीत.

कोल्ड्रिंकचं वेगळं सांगायला पाहिजे. ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाची वरची साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम. शिवाय ते मुळातच आंबट असतं, त्यामुळे शुगर-फ्री घेतलं तरी इनॅमलला ॲसिड लागतंच. प्यायचं असेल तर जेवताना एकदाच प्या आणि ग्लास संपवा, तोच ग्लास हातात घेऊन गप्पा मारत दोन तास घोट घोट पीत बसू नका.

तिसरी पायरी: खाल्ल्यावर लगेच काय करायचं

पाणी. दोन-तीन घोट तोंडात घोळवून प्या किंवा चूळ भरा, बस. चीजचा छोटा तुकडा शेवटी खाल्ला तर ॲसिड कमी व्हायला मदत होते. शुगर-फ्री च्युइंगम वीस मिनिटं चघळलं तरी लाळ सुटते, पण फार लहान मुलांना देऊ नका, आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं गम त्याच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा, कुत्र्यांना ते विषारी असतं.

आंबट काही खाल्लं-प्यायलं असेल तर लगेच ब्रश करू नका. तेव्हा इनॅमल वरून मऊ झालेलं असतं आणि घासलं तर झिजतं, अर्धा ते एक तास जाऊ द्या. दाढेत काही अडकलं तर सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी असलं काही नको, हिरडी फाटते. फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा धागा, ठेवा घरात.

चौथी पायरी: रात्रीचं दात घासणं सगळ्यांनी मिळून करा

दिवसात काही चुकलं तरी हे चुकू देऊ नका. झोपेत लाळ जवळजवळ बंद होते, त्यामुळे जे दातावर राहिलं ते रात्रभर राहिलं. आणि सणात नेमकं हेच राहून जातं, गप्पा रंगतात, मुलं सोफ्यावरच झोपतात आणि झोपलेल्या मुलाला कोण उठवणार.

यावर मला सापडलेला उपाय हा की ब्रश झोपायच्या वेळी ठेवायचाच नाही. रात्रीचं जेवण आणि गोड झालं की थोड्या वेळाने, मुलं अजून टक्क जागी असताना, सगळ्यांनी एकत्र उठायचं आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. गेली काही वर्षं आमच्याकडे हे चालू आहे आणि आता सणाचाच भाग झालंय. एकाच आरशासमोर सात-आठ जण, मागे मामा, पुढे स्टुलावर पोरं, आजोबा बेसिनच्या कडेला कवळी हातात घेऊन, सगळ्यांच्या तोंडात फेस आणि कुणाला बोलता येत नाही तरी सगळे बोलतायत. धाकटा दोन मिनिटांचा टायमर लावतो आणि कुणी आधी चूळ टाकली की त्याला परत सुरू करायला लावतो, मामालासुद्धा.

घासायची पद्धत अशी: फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरपा धरून छोटे छोटे गोल, दोन मिनिटं, जोर न लावता. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचं एकदा आपण घासून द्यायचंच, त्यांना मागच्या दाढा नीट जमत नाहीत, आणि साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती दुधाची नसते, कायमची असते, दुधाचा दात न पडताच येते म्हणून लोकांना कळतच नाही. शेवटी फेस थुंकून टाका पण पाण्याने खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड धुऊन जातं.

दुसऱ्याकडे राहायला जाणार असाल तर ब्रश सगळ्यात वर पॅक करा म्हणजे रात्री अकराला बॅग उपसावी लागत नाही, आणि पाहुणे येणार असतील तर चार-पाच नवे ब्रश आणून ठेवा, कुणी ना कुणी विसरून येतंच.

पाचवी पायरी: बाळं, आजी-आजोबा आणि तारा लावलेली मुलं

बाळाला सगळे कौतुकाने काहीतरी चाटवतात. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो, कुणी कितीही मोठं माणूस असलं तरी हात जोडून नाही म्हणा. ज्यूस किंवा दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, पुढचे दात त्यानेच किडतात.

आजी-आजोबांना बीपीच्या, ॲलर्जीच्या, झोपेच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि मग ते दिवसभर गोड गोळी चघळतात. लाळ कमी आणि वर साखर, शिवाय हिरडी खाली गेलेली असते त्यामुळे दाताच्या मुळाला कीड लागते आणि ती भरभर पसरते. त्यांच्या हाताशी पाण्याची बाटली ठेवा. कवळी रात्री काढून गार पाण्यात ठेवायची, गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो, आणि धुताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरून घ्या किंवा खाली टॉवेल टाका म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. घरात माणसं खूप असताना कवळी टिश्यूत गुंडाळून ठेवू नका हो, कचरा समजून फेकली जाते, झाकणाच्या डब्यातच ठेवा.

तारा लावलेल्यांनी चिकट आणि कडक दोन्ही टाळायचं, तार धरणारा, दाताला चिकटवलेला एक ब्रॅकेट निघाला तरी उपचार लांबतो. आणि दाताने बाटलीचं झाकण, अक्रोड, पॅकेट, बर्फ काहीही फोडायचं नाही, हे सगळ्यांनाच.

सहावी पायरी: काही झालंच तर

पोरं धावतात, पडतात आणि कधी कधी अख्खा दात निखळून येतो. कायमचा दात असेल तर तो चावायच्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका आणि घासू नका. माती लागली असेल तर गार पाण्यात किंवा दुधात काही सेकंद बुडवून जागेवर परत बसवा आणि स्वच्छ रुमाल हलकेच चावून धरायला सांगा. बसवता आला नाही तर थंड दुधात टाका, पाण्यात ठेवू नका. अर्ध्या तासात डेंटिस्टकडे पोचलात तर उत्तम, तासाच्या वर जाऊ देऊ नका. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला इजा होते, पण दाखवून या.

दाढ ठणकायला लागली तर कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या, बाहेरून गार शेक, आणि पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल. ॲस्पिरिनची गोळी दाढेखाली दाबून ठेवतात काही जण, तसं करू नका, हिरडी भाजते. चेहरा सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला तर सुट्टी संपायची वाट न बघता थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. आसपास सुट्टीत कोणतं क्लिनिक उघडं असतं ते सणाच्या आधीच फोन करून विचारून ठेवा आणि तो नंबर फ्रिजवर चिकटवा. आमच्या फ्रिजवर तो गोडाच्या वाडग्याच्या बरोबर खाली आहे.