पास इंटरफिअरन्सचा निर्णय पंच कसा घेतात

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात पास इंटरफिअरन्सचा, म्हणजे पास झेलू पाहणाऱ्याला नियमबाह्य अडथळा आणल्याचा, निर्णय पडताळून पाहायचा असेल, तर रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) धक्का लागला का, एवढेच पाहून थांबू नये. एनएफएलच्या (अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या) नियमात निव्वळ संपर्क हा गुन्हा नाही. त्या संपर्काने पास झेलण्याची संधी लक्षणीयरीत्या हिरावली गेली का, हे पंच तपासतात.

प्रथम वेळ आणि जागा पाहावी. बचाव करणाऱ्या संघावर असा अडथळा न आणण्याचे बंधन चेंडू पास देणाऱ्याच्या हातून सुटल्यापासून येते, आक्रमक संघावर मात्र स्नॅपपासूनच (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होतो त्या क्षणापासूनच) येते, आणि चेंडूला खेळाडूचा स्पर्श होताच दोन्ही बंधने संपतात. घटना स्क्रिमेज रेषेच्या (खेळ सुरू होताना चेंडू जिथे असतो त्या रेषेच्या) पुढे एक यार्डाहून अधिक अंतरावर घडलेली असावी लागते. पास सुटण्यापूर्वीच बचावपटूने रिसीव्हरला धरून ठेवले, तर तो होल्डिंगचा निराळा फाउल ठरतो.

खरी कसोटी संपर्काच्या स्वरूपाची आहे. चेंडूकडे न जाता अंगावर जाऊन अडवणे, पाठीवरून घुसणे, हात पकडणे, छातीवर हात आडवा धरणे, कंबरेला विळखा घालून रिसीव्हरला चेंडू येण्यापूर्वी वळवणे, ही बचावपटूची नेहमीची उल्लंघने होत. रिसीव्हरने ढकलून स्वतःसाठी जागा केली, तर दोष त्याच्यावर येतो. याउलट, दोघेही चेंडूसाठीच झेपावत असताना अंगाला अंग लागले किंवा पायात पाय अडकला, तर फाउल होत नाही. बचावपटूने मागे वळून चेंडूकडे पाहिले म्हणजे तो सुटला, हा समज चुकीचा आहे. नजर चेंडूवर असूनही त्याने रिसीव्हरचा हात दाबून ठेवला असेल, तर तो दोषीच ठरतो. म्हणून रिप्ले पाहताना चेंडूवरून नजर काढून रिसीव्हरच्या हातांकडे आणि कंबरेकडे पाहावे. पास झेलता येण्याजोगा नव्हताच हे स्पष्ट असेल, तर मात्र फाउल दिला जात नाही.

दंड जबर असल्याने हा काटेकोरपणा आवश्यक आहे. एनएफएलमध्ये बचाव संघाचा दोष ठरल्यास चेंडू फाउलच्या जागी नेऊन फर्स्ट डाउन (पुढे सरकण्याच्या प्रयत्नांची नवी मालिका) दिला जातो, मग ते अंतर 40 यार्डांचे का असेना. महाविद्यालयीन सामन्यांत हा दंड 15 यार्डांपुरता मर्यादित आहे. आक्रमक संघाला एनएफएलमध्ये 10 यार्ड मागे जावे लागते.

20 जानेवारी 2019 रोजी न्यू ऑर्लिन्स येथील एनएफसी (एनएफएलच्या दोन विभागांपैकी एक) अंतिम सामन्यात, गुण 20-20 असे बरोबरीत असताना, रॅम्स संघाच्या निकेल रोबी-कोलमनने सेंट्स संघाच्या टॉमीली लुईसला चेंडू पोहोचण्यापूर्वीच जोरात धडक दिली, तरी पंचांनी फ्लॅग (फाउल दाखवणारा पिवळा रुमाल) टाकला नाही आणि रॅम्स जादा वेळेत 26-23 असे जिंकले. त्यावर उपाय म्हणून 2019 च्या हंगामात हे निर्णय व्हिडिओ तपासणीखाली आणले गेले, परंतु ती तरतूद पुढच्या हंगामात टिकली नाही. माझ्या मते ते योग्यच झाले, कारण संथ चित्रणात किरकोळ स्पर्शही ओढल्यासारखा दिसतो आणि संधी खरोखर हिरावली गेली का, हे प्रत्यक्ष वेगातच नीट कळते.