बायबलमधली गोष्ट आतून कशी वाचायची
अध्यात्मावरचे लेखक आणि वक्ते नेव्हिल गोडार्ड (1905-1972) म्हणायचे की बायबल हा इतिहास नाही, सगळं माणसाच्या आत घडतं आणि कल्पनाशक्ती हाच देव. तसं वाचून बघायचंय तर बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, म्हणजे उत्पत्तीचा 27वा अध्याय घ्या. त्यात आंधळा बाप इसहाक थोरल्या, केसाळ एसावला आशीर्वाद देणार असतो, पण एसाव शिकारीला गेलेला असताना धाकटा याकोब एसाव बनून येतो आणि आशीर्वाद मिळवतो. शिकारीला गेलेला एसाव म्हणजे डोळ्यांना दिसणारं जग, हाताला करडाचं कातडं बांधून आलेला याकोब म्हणजे मनातली इच्छा, आणि आंधळा इसहाक म्हणजे तुम्ही. आता डोळे मिटा, इच्छा पूर्ण झाल्यावरचा एकच छोटा सीन घ्या, समजा कोणीतरी हात हातात घेऊन अभिनंदन करतंय, आणि त्या हाताची ऊब, पकड खरीखुरी जाणवेपर्यंत तिथून हलू नका, कारण इसहाकानेही चाचपून बघूनच आशीर्वाद दिला होता ना! लांबून सिनेमासारखं बघत बसू नका, आत शिरा, बहुतेकांचं इथेच अडतं. झोप लागायच्या आधीची पेंगुळलेली वेळ याला बेस्ट.