लांब पल्ल्यावर भोकं लांबट पडत होती, त्यावरचा उपाय

बंदुकीच्या काळ्या दारूची टार्गेट रायफल, घरी ओतलेल्या गोळ्या. जवळ सगळं ठीक, पण पल्ला वाढला की कागदावर भोकं गोल न पडता लांबट पडायची, म्हणजे गोळी डोलत जात होती. मिश्रण १:३०, एक भाग कथील, तीस भाग शिसं. ब्रिनेल कडकपणा (धातू किती कडक ते सांगणारा आकडा) जेमतेम ९. माझी गोळी लांब नाकाची. दारूचा दणका मागून बसला की असं मऊ नाक एका बाजूला दबतं.

कुणी लायनोटाइप (छपाईच्या खिळ्यांचा शिसं-कथील-अँटिमनीचा मिश्रधातू) सुचवलं. त्याचा कडकपणा २२ च्या आसपास, अँटिमनीमुळे. काळ्या दारूला मला ते पटत नाही: गोळीचं बूड फुगून नळीतल्या पिळाच्या खाचा भरत नाही, कडेने गॅस निसटतो आणि नळीत शिसं चिकटतं.

१:१६ केलं, कडकपणा साधारण ११. भोकं गोल झाली. कथील जास्त म्हणून गोळी किंचित हलकी. साइट पुन्हा लावावी लागली.

धातू वितळवताना भांड्यावर येणारी करडी साय मात्र काढून फेकू नका, त्यात कथील असतं. मेणाचा तुकडा टाकून (धूर होतो, पेटतोही, तोंड लांब ठेवा) तळापासून ढवळलं की ते परत मिसळतं.